झाकून बघा: शब्द, चित्र, आवाज आणि जागा मिळून अर्थ कसा घडवतात

सांगलीत किंवा साताऱ्यात चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स कुणी वाचत नाही. वाचण्यासारखं त्यात असतं काय? 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा' हे कालच्या फ्लेक्सवरही होतं, उद्याच्याही असणार. तरी चहाच्या गाड्यावर उभ्या चार माणसांना तो एका नजरेत कळतो. कोण कुणाच्या गटात गेला, कुणाचा फोटो या वर्षी गळला, येत्या निवडणुकीला वॉर्डातून कोण उभं राहणार, सगळं कळतं. यातला एकही मुद्दा अक्षरांत लिहिलेला नसतो. तो फोटोंच्या आकारात असतो, क्रमात असतो, आणि फ्लेक्स कुठल्या चौकात लावलाय त्यातही असतो.

असे मजकूर कसे वाचायचे, ते इथे पायरी पायरीने सांगतो. बी.ए. किंवा डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाला 'मल्टीमोडल' हा शब्द समोर आल्यावर गोंधळलेल्यांसाठी हे आहे. पत्रकारितेत नव्याने आलेल्यांना आणि मंडळाचं पोस्टर दरवर्षी ज्यांच्या गळ्यात पडतं त्या कार्यकर्त्यांनाही उपयोगी पडेल. साहित्य फार लागत नाही: वही, पेन्सिल, फोनचा कॅमेरा आणि स्वतःचा तळहात. तळहात कशाला, ते तिसऱ्या पायरीला कळेल.

आधी एवढं माहीत असू द्या

1996 साली 'न्यू लंडन ग्रुप' या नावाने दहा अभ्यासकांनी एक मांडणी केली. शाळेत वाचन-लेखन शिकवायचं म्हणजे फक्त अक्षरं शिकवून आता भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थ सांगण्याच्या पाच रीती त्यांनी मोजल्या: भाषा, दृश्य, ध्वनी, हावभाव आणि जागेची मांडणी. दोन किंवा जास्त रीती एकत्र आल्या की तो मजकूर मल्टीमोडल. खरं तर साध्या छापील पानातसुद्धा टाईप, समास आणि मथळ्याचा आकार असतोच, त्यामुळे निव्वळ एका रीतीचा मजकूर शोधूनही सापडायचा नाही.

ही पाचाची यादी कामाची आहे, पण तिचा एक तोटा आहे. विद्यार्थी पाच रकाने आखतात, प्रत्येकात दोन-दोन गोष्टी भरतात आणि काम झालं म्हणून वही मिटतात. शिवाय आपल्याकडच्या काही गोष्टी या रकान्यांत धड बसत नाहीत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेलं हळद-कुंकू कुठे घालणार? फोन घरोघरी नव्हते तेव्हा मयताची बातमी सांगणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने ते हातात दिलं की अक्षर वाचण्याआधीच बाईचा हात थरथरायचा. तिथे कागदच बोलत होता. म्हणून माझ्या हिशेबात वस्तूचं अंग ही सहावी रीत धरा: कागद, कापड, दगड, वास, वजन. पुस्तकात पाच असतील तर परीक्षेत पाच लिहा, वहीत सहा ठेवा.

यादीपेक्षा महत्त्वाचं काय, तर दोन रीती जिथे जुळतात तो सांधा. शब्द काय सांगतो आणि चित्र काय सांगतं हे वेगवेगळं लिहून काही हाती लागत नाही. एकामुळे दुसऱ्याचा अर्थ कसा बदलतो, ते शोधायचं.

पायरी 1: वस्तू एकच घ्या आणि न हलणारी घ्या

नवखे सरळ सिनेमा नाही तर रील घेतात. घेऊ नका. तिथे सगळं एकदम चालतं आणि तुम्ही पहिल्या दहा सेकंदांतच दमता. घरात, दुकानात, रस्त्यावर सापडेल असं काहीतरी उचला: लग्नपत्रिका, साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खोका, द्राक्षबागेत पडलेली औषधाची बाटली, एस.टी. स्टँडवरचा सूचनाफलक.

पायरी 2: दिसतं तेवढंच लिहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात आणि पुढचं सगळं हवेत उभं राहतं. 'आकर्षक', 'प्रभावी', 'लक्षवेधी' हे शब्द या पायरीला वर्ज्य. किती, कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, एवढंच लिहायचं.

तोच फ्लेक्स घ्या. सगळ्यात वर एक पट्टी. पट्टीच्या मधोमध किंवा डाव्या टोकाला छत्रपती शिवाजी महाराज, त्यांच्याशेजारी इतर महापुरुष. त्याखाली पक्षाचे नेते, गोल चौकटीत, सगळे एका मापाचे. एखादाच जरा मोठा. मध्ये उत्सवमूर्ती, कमरेपासून वर, पार्श्वभूमी कापून काढलेला, पांढरा शर्ट, गॉगल, एक हात जोडण्याच्या बेतात किंवा मिशीवर. नाव सोनेरी, अक्षरांना उठाव दिलेला, नावामागे 'दादा', 'भाऊ' किंवा 'आण्णा'. अगदी खाली 'शुभेच्छुक' आणि पासपोर्ट फोटोंच्या रांगा. त्यातले पहिले दोन-तीन चेहरे बाकीच्यांपेक्षा किंचित मोठे.

आता हीच यादी उलटी वाचा. शुभेच्छुकांच्या फोटोंना पैसे कुणी किती दिले ते मापावरून कळतं. नेत्याचा फोटो आणि उत्सवमूर्तीचं डोकं यांच्यातलं अंतर म्हणजे दादाची त्या नेत्याशी जवळीक, निदान दादाला दाखवायची असलेली. महापुरुष सगळ्यांच्या वर, कारण त्यांना खाली ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवावा लागेल. 'मी अमुक साहेबांचा माणूस आहे' हे वाक्य लिहिलं असतं तर लोक हसले असते. जागेच्या मांडणीतून तेच सांगितलं की कुणी हसत नाही, आणि उद्या गट बदलला तर नाकबूलही करता येतं.

पायरी 3: तळहाताने झाका

आता तळहात. मजकुरातली एक रीत हाताने, कागदाने किंवा फोनवर आवाज बंद करून झाका आणि विचारा: काय गेलं? मग ती उघडी करून दुसरी झाका. एवढंच. सगळ्या पद्धतीतलं हे एक जरी मनापासून केलंत तरी निम्मं काम झालं.

तासगाव, पलूस, मिरज या भागात घराच्या कोपऱ्यात, मोटारीच्या शेडमध्ये, गोठ्याच्या वळचणीला फवारणीच्या औषधाची बाटली सापडतेच. लेबलावर एक कोनावर उभा केलेला चौकोन असतो, आडव्या रेघेने त्याचे दोन त्रिकोण केलेले. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात खूण किंवा शब्द. हे 1971 च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेलं आहे. रंग चार: लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. लालच्या वर कवटी, हाडं आणि 'पॉइझन' हा शब्द. पिवळ्याच्या वर 'पॉइझन' शब्द, पण कवटी नाही. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'.

पहिल्यांदा शब्द झाका. उरतो रंग. रंगांचा अर्थ आपण शिकलो कुठे? बहुतेकांनी सिग्नलवर. तिथे हिरवा म्हणजे चला. म्हणजे शब्द झाकल्यावर हिरवा त्रिकोण सांगतो, 'बिनघोर वापरा'. प्रत्यक्षात हिरव्या बाटलीतही विषच आहे, फक्त उतरंडीवर शेवटचं. आणि निळ्याचं काय? निळ्याला सिग्नलवर जागाच नाही, त्यामुळे तो काहीच सांगत नाही, डब्याच्या डिझाइनचा भाग वाटतो.

आता रंग झाकून शब्द ठेवा. 'कॉशन' ज्याला वाचता येतं त्याच्यापुरता तो शब्द; इतरांना तिथे नक्षी. शेवटी फक्त कवटीकडे बघा. कवटी ही सगळ्यात बोलकी खूण, लहान पोरालाही कळते. त्यामुळेच पिवळ्या बाटलीवर ती नसणं हे धोक्याचं आहे. कवटी शोधणारा डोळा पिवळ्यावरून पुढे सरकतो, आणि पिवळं तर लालच्या खालोखाल जहाल.

लेबल चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. तिन्ही रीती एकत्र वाचणाऱ्याला ते अचूक आहे. पण शेतात तीन रीती एकत्र वाचल्या जात नाहीत. हाताला औषध लागलेलं असतं, लेबल भिजून निम्मं गेलेलं असतं, माहितीपत्रकाचे बारीक टाईप चष्म्याशिवाय दिसत नाहीत. ज्या रीतीला शिक्षण लागत नाही ती आधी वाचली जाते आणि तिथेच वाचन थांबतं.

पेढ्याच्या खोक्यावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो, तो तिसरीच गोष्ट सांगतो: शाकाहारी. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, आता तपकिरी त्रिकोण आहे. रंगांधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी ठिपका सारखाच दिसायचा, म्हणून आकार बदलला. एकच खबर रंग आणि आकार अशा दोन रीतींनी सांगितली की एक बुडाली तरी दुसरी तारते. फलक, पोस्टर करणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पायरी 4: सांधा कसला आहे ते ठरवा

झाकून पाहिल्यावर दोन रीतींचं नातं कळू लागतं. ढोबळ चार प्रकार पुरेत.

पहिला, शब्द चित्राला खुंटीला बांधतो. चित्राचे दहा अर्थ होऊ शकतात, ओळ त्यातला एक पक्का करते. फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्थ यांनी 1964 मध्ये एका जाहिरातीचा अभ्यास करताना हे मांडलं. दुसरा प्रकारही त्यांनीच सांगितला: शब्द आणि चित्र आलटून पालटून गोष्ट पुढे नेतात, जसं चित्रकथेत होतं. तिसरा, दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि त्यातून टोमणा किंवा विनोद निघतो. चौथा प्रकार आपल्याकडे फार: शब्द कुठेच लिहिलेले नाहीत, ते बघणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून आहेत.

चौथ्यासाठी औंधला जा. खटाव तालुक्यातल्या या छोट्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत. पौराणिक प्रसंगाच्या एखाद्या चित्रापुढे उभे राहा आणि खालची माहितीची पट्टी हाताने झाका. आजीकडून रामायण-महाभारत ऐकलेल्याला पट्टीची गरज पडत नाही. पात्राच्या चेहऱ्यावरून, हातातल्या वस्तूवरून तो प्रसंग ओळखतो आणि पुढे काय होणार हेही त्याला ठाऊक असतं. गोष्ट न ऐकलेल्या पाहुण्याला तिथे एक सुंदर, खिन्न बाई दिसते. दोघांचे डोळे तेच बघतात, तरी निम्मा मजकूर एकापाशी आहे आणि दुसऱ्यापाशी नाही. मग त्याच संग्रहालयातल्या हेन्री मूर यांच्या शिल्पापुढे उभे राहा. तिथे आजीची गोष्ट कामाला येत नाही. तुम्ही आपसूक पट्टी वाचायला वाकता.

पहिल्या प्रकाराचं, खुंटीला बांधण्याचं, उदाहरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांचे व्हिडिओ अजून फोनांत आहेत. पाऊस लागला, कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की कुणीतरी त्यातला एक उचलतो, वर 'आत्ताची परिस्थिती' असं लिहितो आणि पुढे पाठवतो. व्हिडिओ खरा. पाणी खरं. गावही खरं. खोटे फक्त ते दोन शब्द, पण चित्राला खुंटी तेच देतात. लोक म्हणतात, 'अहो, डोळ्यांनी बघितलं!' डोळ्यांनी पाणी बघितलं, तारीख नाही बघितली. चित्राला काळ सांगता येत नाही. काळ नेहमी शब्द सांगतो, नाही तर चित्रातली एखादी चुकार खूण सांगते: दुकानाची जुनी पाटी, तेव्हा असलेलं आणि आता पाडलेलं एखादं बांधकाम. असा व्हिडिओ आला की आधी वरची ओळ अंगठ्याने झाका आणि मग विचारा, उरलेल्यात आजचं असं काय आहे?

पायरी 5: नजर कुठून कुठे जाते

पान वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचायची सवय इतकी मुरलेली असते की सगळंच तसं वाचलं जातं. ती मोडायला वाई तालुक्यातल्या किकलीला जाणं उत्तम. चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याचं गाव, भैरवनाथाचं जुनं मंदिर, आणि आवारात वीरगळांची रांग.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा. एका उभ्या दगडावर तीन-चार आडवे कप्पे. नवखा माणूस वरून सुरुवात करतो: सूर्य, चंद्र, कळस. मग शिवलिंगापुढे बसलेला माणूस, मग अप्सरा, आणि शेवटी मारामारी. म्हणजे देवभक्त माणूस स्वर्गातून खाली येऊन भांडणात पडला! वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई आणि वीराचं पडणं. कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, मग लढाई गोधनासाठी झाली असं समजायचं. त्याच्या वर अप्सरा वीराला नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेतोवर कीर्ती राहील. मरणारा वर जातो, गोष्टही वर जाते. दिशाच इथे अर्थ सांगते.

कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, आपल्याकडचे बहुतेक मुके. नाव नाही, साल नाही. त्यामुळे कुणाचा ते कळत नाही, पण काय झालं ते न लिहिता-वाचताही कळतं. शब्दांविना गोष्ट किती दूर जाते आणि कुठे अडते, ते इथे एका दगडात दिसतं.

याच्या उलट गद्धेगळ, म्हणजे दान कुणी मोडू नये म्हणून उभारलेला लेखाचा दगड. कोकणात ते जास्त, घाटावरही सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचं अश्लील चित्र: हे दान जो मोडेल त्याला दिलेली शिवी. ज्याला लेख वाचता येतो त्याला कायदा कळतो, ज्याला येत नाही त्याला शिवी कळते. सूर्य-चंद्र दोघांनाही मुदत सांगतात. सरकारी सूचना लिहिणाऱ्यांनी या दगडापुढे थोडा वेळ उभं राहायला हरकत नाही. शिवी सोडून बाकीचं घेण्यासारखं आहे.

छापील पोस्टरला हेच करायचं. डोळे मिटा, उघडा, पहिली नजर कुठे पडली तिथे पेन्सिलीने 1 लिहा. मग 2, मग 3. हेच चार जणांकडून करून घ्या. चौघांचा 1 एकाच ठिकाणी आला तर करणाऱ्याला काम येतं असं समजा. मंडळाच्या पोस्टरवर बहुतेक वेळा 1 वर्गणीदाराच्या फोटोवर येतो आणि कार्यक्रमाची वेळ सातव्या नंबरलाही सापडत नाही.

पायरी 6: आवाज आणि हात

एस.टी.त कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. पूर्ण व्याकरण एवढंच, आणि खच्चून भरलेल्या गाडीत ते शब्दांपेक्षा चोख चालतं. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या बैलबाजारात जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. बोटं आकडा सांगतात आणि रुमाल तो इतरांपासून लपवतो. भोवतीच्या गर्दीला फक्त दोन चेहरे वाचायला मिळतात, आणि मुरलेला व्यापारी चेहऱ्यावर काही येऊ देत नाही.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी, तेव्हा विष्णुदास भावे यांच्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी 1843 मध्ये इथे 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो, तो त्याच प्रयोगाच्या आठवणीत. त्या नाटकांत कामाची वाटणी पाहण्यासारखी होती. सूत्रधार पदं म्हणून गोष्ट सांगायचा, पात्रं हावभाव करायची आणि संवाद बरेचसे आयत्या वेळी बोलायची. राक्षसाची एंट्री आरडाओरडा, थयथयाट आणि तलवारीच्या फेऱ्यांनी. पुढच्या पिढीने या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं ते त्या आरोळीवरूनच. आता तळहात ठेवा: आवाज, हावभाव आणि आयत्या वेळचं बोलणं झाकलं तर कागदावर उरतात फक्त पदं. ती वाचून कुणी म्हणेल, यात नाटक कुठे आहे? नाटक कागदावर नव्हतंच. जुन्या नाटकाची, तमाशाच्या वगाची, पोवाड्याची छापील प्रत वाचताना हे ध्यानात ठेवा.

पायरी 7: कोण, कुठे उभा राहून वाचतो

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरतात. समजा, खबर आली, 'पाणी 42 फूट.' आकडा एकच. विश्रामबागेतल्या माणसाला तो बातमी आहे. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरमधल्या माणसाला तो हुकूम आहे: फ्रिज वर ठेवा, कागदपत्रं पिशवीत भरा. पुलावर उभा राहून पाण्याकडे बघणाऱ्याला तिसरंच काही दिसतं: तासाभरापूर्वी दिसणारी रेघ आता बुडाली, म्हणजे पाणी चढतंय. फोनवरच्या आकड्यात चढ-उतार नसतो, पुलावरच्या पट्टीत असतो. आणि गल्लीत रिक्षावरचा कर्णा फिरू लागला की आकडा न ऐकताही बाया आवराआवरीला लागतात. कर्णा गल्लीत आला, यातच सगळं आलं.

तेव्हा वहीत एक रकाना 'कुणाला, कुठे' असा ठेवाच. तो नसला की विश्लेषण वर्गाच्या चार भिंतींत राहतं.

पायरी 8: लिहायचं कसं

वाईट उत्तर असं असतं: 'रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह अर्थपूर्ण व प्रेरणादायी असून त्यातील वृक्ष विकासाचे प्रतीक आहे.' हे कुठल्याही झाडाबद्दल, कुठल्याही संस्थेबद्दल खपेल.

आता असं करा. संस्था 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातल्या काल्याला काढली, कारभार पुढे साताऱ्याहून चालला. बोधचिन्ह वटवृक्षाचं, ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. ब्रीद झाका: वड दिसतो, वड म्हणजे सावली, आधार, मोठेपणा. यात आश्रय आहे, शिक्षण नाही, स्वावलंबन तर अजिबात नाही. उलट वडाखाली दुसरं काही वाढत नाही असंच आपण म्हणतो. चित्र झाका: 'स्वावलंबी' हा शब्द एकट्याने आपल्या पायावर उभं राहायला सांगतो. आता दोन्ही उघडा. शब्दामुळे नजर सावलीवरून पारंबीवर जाते. पारंबी फांदीतून खाली येते, जमिनीत मूळ धरते, स्वतःच्या बळावर उभी राहते आणि तरी झाडाचीच असते. काम करून शिकायची रयतची 'कमवा आणि शिका' योजना ज्यांनी पाहिलीय त्यांना आणखी सांगायला नको. हा अर्थ चित्रात एकटा नव्हता, शब्दातही नव्हता.

उत्तराचा साचा हाच: काय दिसतं, एक झाकलं तर काय उरतं, दोन्ही मिळून नवीन काय झालं, कुणासाठी. चार-पाच ओळींत बसतं.

पायरी 9: एका रीतीतलं दुसरीत नेऊन बघा

ही पायरी सगळ्यात मजेची आणि सगळ्यात छळणारी. फवारणीच्या माहितीपत्रकातल्या सूचना घ्या आणि एकही अक्षर न वापरता चार चौकटींत काढा. 'हातमोजे घाला' सोपं आहे. 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका' काढायला बसलात की वारा काढायचा कसा इथूनच अडाल. मग 'नका'साठी फुली मारावी लागते, आणि फुली माणसावर मारली तर बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस नको. 'जर मळमळ झाली तर' यातलं 'जर' चित्रात उतरतच नाही. 'उद्या', 'कदाचित', 'नाहीतर' ही शब्दांची मक्तेदारी. उलट, नोझल किती उंचीवर धरायचं हे सांगायला शब्दांना दोन ओळी लागतात, चित्राला एक रेघ पुरते.

काढलेलं चित्र मित्राला दाखवू नका, त्याला तुम्ही काय करताय ते माहीत असतं. शेजारच्या आजीला किंवा बागेत कामाला येणाऱ्या मावशींना दाखवा, 'हे काय सांगतंय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्या जे बोलतील ते शब्दशः वहीत उतरवा, समजावून सांगायचा मोह आवरा. समजावून सांगितलंत की तुम्ही बोलण्याची रीत त्यात घुसवलीत आणि चित्राची परीक्षा बुडाली.

बाहेर पडताना

फ्लेक्सचा फोटो वर्गात दाखवणार असाल तर मोबाईल नंबर आणि शुभेच्छुकांचे चेहरे पुसून टाका. तुमचा अभ्यास मांडणीचा आहे. औषधाची बाटली रिकामी असली तरी उघड्या हाताने धरू नका आणि वर्गात आणू नका, लेबलाचा फोटो पुरे. किकलीला वीरगळ बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. दुपारी डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं, तिरपं ऊन पडलं की कप्पे वर येतात. रेषा उठून दिसाव्यात म्हणून दगडाला पीठ, खडू किंवा तेल लावणारे अजूनही भेटतात. तुम्ही लावू नका, लावू देऊ नका. ऊन नसलं तर फोनचा टॉर्च दगडाच्या एका बाजूने धरा, समोरून नको, आणि फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे नंतर आकार सांगता येईल.